‘ओढत नाही म्हणजे नक्की काय?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गाडीच्या दुखण्याचा छडा लावल्याबद्दल समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही “झालं ना काम? मग झालं” म्हणत हात पुसून निघून गेला असतात. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय. स्वस्तातली जुनी गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात रडकुंडीला आलेली मी काही एकटी नसेन.

गाडी घेताना मी काय बघितलं, तर रंग बघितला, काचा वरखाली केल्या, हॉर्न वाजवला आणि सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. चढावर नेलीच नाही. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं, त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. तुम्ही नंतर सांगितलंत की मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, गास्केटमधली (जोडातल्या पट्टीतली) बारीक गळती थंड इंजिनावर टकटक ऐकू येते आणि धातू तापून फुगला की बंद होते. गाडी बघायला जाताना आधी बॉनेटवर हात ठेवून बघायचा, हे मला तेव्हा कुठून ठाऊक असणार?

मग त्रास सुरू झाला. गाडी रणगाड्यासारखी गर्जायची, चढावर जीव टाकायची, आणि चढ संपला की काहीतरी जळल्याचा वास यायचा. पहिल्या गॅरेजने गाडीखाली न वाकताच सांगितलं, “क्लच गेला, पूर्ण सेट टाका.” दुसऱ्याने हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन धक्का देऊन बंद पडलं, तेव्हा तो म्हणाला, “क्लच ठणठणीत आहे, इंजिनचं काम निघालंय.” खात्रीसाठी त्याने हे आणखी दोनदा केलं. हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात ते अजून आठवतं. क्लच अगदीच संपलेला असेल तरच ती चाचणी त्याला पकडते. थोडासा घसरणारा क्लच त्यातून सहज पास होतो, आणि तीच चाचणी पुन्हा पुन्हा केली तर इंजिनची ताकद घर्षणाने पुढे देणारी क्लचची उरलीसुरली प्लेटही जळते.

तुम्ही पाना उचलायच्या आधी एक प्रश्न विचारलात, जो त्या दोघांनाही सुचला नव्हता. “ओढत नाही म्हणजे नक्की काय? इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही, की इंजिनच पळत नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही. गाडीला आरपीएमचा काटा नव्हता, आणि सायलेन्सरकडून येणाऱ्या गोंगाटात इंजिन किती फिरतंय हे कानांना कळायला मार्गच नव्हता. फरक मात्र केवढा! क्लच घसरत असेल तर रेस वाढते आणि वेग मागे राहतो. एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी वाट, तुंबलं असेल, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली चाळणी फुटून किंवा वितळून अडकली असेल, तर इंजिनला श्वास सोडता येत नाही आणि रेसच वाढत नाही. बाहेरून दोन्हींचं नाव एकच, ‘पिकअप नाही’. तुम्ही गार कन्व्हर्टरवर मुठीने दोन ठोके मारलेत. डब्यात खडे हलावेत तसा आवाज आला नाही. “आधी ही बोंब बंद करू, मग गाडी काय म्हणते ते ऐकू,” असं तुम्ही म्हणालात.

फडक्याचा प्रयोग मी आता येईल त्याला सांगत सुटते. इंजिन थंड, जागा उघडी, हातात जाड मोजे. सुरू गाडीच्या मागच्या नळीच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दोन-चार सेकंद धरायचा. नळी धड असेल तर दाब वाढून फडकं बाहेर ढकललं जातं आणि इंजिन कण्हू लागतं. आपल्या गाडीत फडकं शांत बसलं आणि खालून ‘फुस्स’ आलं. सायलेन्सरच्या अलीकडच्या जोडाभोवती काजळीचा काळा फराटा होता. तिथेच भोक.

त्या क्षणी तुमचा आवाज बदलला. काचा लावून चालवतेस का, डोकं दुखतं का, असं तुम्ही विचारलंत, आणि दोन्हींना मी हो म्हणाले. तोवर डोकेदुखीचा दोष मी उन्हाला देत होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गंजलेल्या तळाच्या फटींतून तो आत यायला वेळ लागत नाही. जोड बदलून होईपर्यंत तुम्ही मला किल्ली दिली नाहीत. तेव्हा मनातून चिडले होते, ते इथे कबूल करते.

नळीतून टपकणारं पाणी बघून मी हेड गास्केट (इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरमध्ये शिरू न देणारी पट्टी) गेलं म्हणून घाबरले, तेव्हा मात्र तुम्ही हसलात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं. थंड नळीत ते थेंब होऊन पडतं आणि नळी तापली की वाफ होऊन निघून जातं. काळजी करायची ती गाडी तापल्यावरही थांबत नाही अशा दाट, गोडसर वासाच्या पांढऱ्या धुराची. रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीची नळी कधी पुरती तापतच नाही, म्हणून सायलेन्सर आतून सडतो. मला तो नेहमी रस्त्यावरच्या पाण्याने सडतो असं वाटायचं.

जोड बदलला, खडखडणारा उष्णतारोधक पत्रा एका क्लिपने आवळला, आणि गाडी गप्प झाली. मग चौथ्या गिअरमध्ये साधारण 40 च्या वेगावर तुम्ही मला एकदम रेस द्यायला लावलीत. आता मलाही ऐकू आलं. आवाज आधी चढला, गाडी मागाहून निघाली. म्हणजे क्लच घसरत होता, पहिला गॅरेजवाला अंदाजाने का होईना, बरोबर होता! पण तुम्ही तिथेही थांबला नाहीत. क्लचचं पेडल हाताने दाबून दाखवलंत. सुरुवातीला जी ढील हवी ती अजिबात नव्हती. प्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे तिच्या स्प्रिंगची टोकं, बाहेर सरकतात, केबलची ढील खाऊन टाकतात, आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच सोडवणारं बेअरिंग त्या बोटांवर दाब देत राहतं. जणू कोणीतरी सतत अर्धा क्लच दाबून बसलंय. तुम्ही केबल सैल केलीत आणि बजावलंत, “हे औषध नाही, मुदतवाढ आहे.”

मुदत तीन आठवड्यांत संपली. तेव्हा मी शहाणपणा करून केबल स्वतःच आणखी सैल केली आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन दात घासले. घाबरून तुम्हाला हाक मारली. तुम्ही इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघितलेत, लोण्यासारखे पडले. म्हणजे गिअरबॉक्स धड, आता क्लच पुरता सुटत नव्हता. माझी करामत!

शेवटी गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा प्लेट झिजून अस्तराच्या रिव्हेटपर्यंत आली होती. “मेहनत उतरवण्यात आहे, एकेक भागासाठी दरवेळी उतरवायचा का?” म्हणत तुम्ही प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदलायला लावलंत. मागचं ऑइल सील ओलसर दिसलं, तेही त्याच वेळी बदललं. आता चढावर वास येत नाही, डोकं दुखत नाही, आणि रेडिओ ऐकू येतो.

काका, याबद्दल मनापासून आभार. आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यापासून न्यूट्रलमध्ये बारीक घरघर येते. पेडल दाबलं की थांबते, सोडलं की पुन्हा सुरू. दाबल्यावर आली असती तर नवं बेअरिंग खराब निघालं म्हटलं असतं. सोडल्यावर येते, म्हणजे मला गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग वाटतंय. यावेळी कशालाही हात लावलेला नाही. सवडीने ऐकायला याल का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची