ओढ्याकडे कोरड्या दिवसांत जा

प्रिय बाळा,

तुझ्या संशोधनासाठी ओढा ठरला हे कळल्यापासून मनातल्या मनात मीच तुझी बॅग भरते आहे. प्रवाहमापक, मोजपट्टी, गमबूट, दोन थर्मामीटर (एक हमखास वाहून जातो), जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. यादी तू केलीच असशील. पण यादीत न बसणारी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नाही.

पूर आला की ओढा बघायला सगळेच धावतात. तू मात्र शेवटचा पाऊस होऊन तीन-चार आठवडे उलटल्यावर जा. आभाळ निरभ्र, काठची माती भेगाळलेली, आणि ओढा तरीही वाहतोय. हे पाणी येतं कुठून? या प्रश्नाने माणसाला फार काळ छळलं. नुसत्या पावसावर एवढ्या नद्या वाहतील हे युरोपातल्या विद्वानांनाही पटत नव्हतं; समुद्राचंच पाणी जमिनीखालून वर चढत असणार, असं पुष्कळजण मानत. फ्रान्समधल्या पिएर पेरॉ याने तिथल्या सीन नदीच्या उगमाकडच्या भागातल्या पावसाचा हिशेब मांडला आणि १६७४ मध्ये दाखवून दिलं, की पडणारा पाऊस नदीतून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ सहापट आहे. म्हणजे पाऊस पुरून उरत होता. पडलेल्या पावसातला काही हवेत जातो, काही झाडं पितात, आणि काही जमिनीत मुरून सावकाश ओढ्यापर्यंत येतो. कोरड्या दिवसांत ओढ्यात दिसतं ते बहुतेक हे मुरलेलंच पाणी. अहवालात आपण त्याला बेसफ्लो म्हणतो. मला ‘पाझर’ हाच शब्द जवळचा वाटतो, त्यात त्या पाण्याची चाल ऐकू येते.

पहिल्या दिवशी यंत्रं काठावर ठेव, बूट काढ आणि पात्रातून चाल. भर उन्हाळ्याच्या दुपारी वरचं पाणी कोमट झालेलं असतं. मध्येच एखाद्या जागी तळव्याला एकदम गार लागेल. तिथे थांबून वाक. बारीक वाळूचे कण जागच्या जागी उसळताना दिसले, तर भूजल तिथून वर येतंय. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. म्हणून ते उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार लागतं. त्या जागांवर खुणा कर. पुढे रेडॉनचे नमुने घेशील तेव्हा बहुधा तिथेच आकडा चढलेला दिसेल. खडकातून पाण्यात उतरणारा हा वायू ओढ्यात आला की हवेत निघून जातो, शिवाय ३.८ दिवसांत निम्मा होतो. त्यामुळे ओढ्यात तो भरपूर सापडला, तर ते पाणी नुकतंच जमिनीतून आलेलं आहे असं समज.

पाझर मोजायचं साधन अगदी साधं आहे. लोखंडी पिंपाचा बुडाकडचा तुकडा कापून तो पात्रातल्या वाळूत उपडा दाबायचा, वरच्या भोकाला नळी आणि नळीला पिशवी. पिशवी कोरी लावू नकोस. कोरी पिशवी सैल होताना स्वतःच थोडं पाणी ओढून घेते आणि पाझर आहे त्याहून जास्त दिसतो. आधी मोजून थोडं पाणी घाल, हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस, मग लाव. काही वेळाने पिशवी जड झाली तर जमीन ओढ्याला पाणी देतेय, हलकी झाली तर ओढा जमिनीला देतोय. एकाच ओढ्यावर पन्नास पावलांच्या अंतरात दोन्ही सापडू शकतं. मला पहिल्यांदा तसं सापडलं तेव्हा वही मिटून मी कितीतरी वेळ नुसती पाण्यात बसून राहिले होते.

पुरातही भूजल असतंच, एवढं लक्षात असू दे. स्क्लॅश आणि फार्व्होल्डेन या संशोधकांनी कॅनडातल्या ओढ्यांवर समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू; त्यांवरून जुनं आणि नवं पाणी वेगळं ओळखता येतं) मदतीने केलेलं काम १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं. पावसाने फुगलेल्या ओढ्यातलं बरंचसं पाणी त्या पावसाचं नव्हतंच. आधीपासून जमिनीत असलेलं पाणी नव्या पावसाने बाहेर ढकललं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुझ्या वयाची असताना मी एका ओढ्यावर काम करत होते. तिथून साधारण किलोमीटरभरावर विहिरींची एक रांग होती आणि तिचा उपसा दोन महिने अखंड चालला होता. ओढा खालावत गेला. पंप थांबवायचं ठरलं, तेव्हा काठच्या लोकांनी मला विचारलं, ओढा कधी सावरेल? मी म्हणाले, आठ-पंधरा दिवसांत. पंप थांबले. पंधरा दिवसांनी ओढा आणखी खाली गेला होता. मी प्रवाहमापक बदलला, जागा बदलली, पुन्हा मोजलं, आकडा तोच. एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन माझ्याजवळ उभे राहत, काही बोलत नसत. महिना संपायच्या आत पंप पुन्हा सुरू झाले. ओढ्याचा आणि विहिरींचा काही संबंधच नाही, हे माझ्याच शब्दांनी त्या सगळ्यांना पटवून दिलं होतं.

विहीर उपसली की तिच्याभोवती पाणीपातळीत शंकूसारखा खड्डा पडतो. पंप थांबला म्हणून तो लगेच बुजत नाही. तो भरायला आजूबाजूचं पाणी सरकतं, म्हणजे खड्डा उथळ होत होत रुंदावत जातो, आणि त्याचा पुरता परिणाम ओढ्यापर्यंत पोचायला पंप बंद झाल्यानंतरचेही दिवस लागतात. भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनी १९४० मध्येच हे मांडलं होतं: विहिरीतून काढलेल्या पाण्याची भरपाई कुठून तरी होतेच, जमिनीतल्या साठ्यातून, जास्तीच्या मुरण्यातून, नाहीतर ओढ्या-झऱ्यांकडे जाणाऱ्या पाण्यातून. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ओढ्याकाठी उभी असताना ते मला आठवलं नाही.

नंतर केलेला हिशेब तूही एकदा हाताने करून बघ. जलधराची (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराची) वहनक्षमता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज सरकतं ते, दिवसाला ५०० चौरस मीटर; साठवण गुणांक, म्हणजे पातळी उतरली की तो किती पाणी सोडतो ते, ०.१; विहिरीचं ओढ्यापासूनचं अंतर १ किलोमीटर. अंतराचा वर्ग गुणिले साठवण, भागिले वहनक्षमता, म्हणजे २०० दिवस; उपशाचा परिणाम ओढ्यापर्यंत किती सावकाश पोचतो त्याचं हे माप. एकसारख्या, आदर्श जलधरात दोन महिन्यांनी पंप थांबवला, तर त्या दिवशी ओढ्याची घट उपशाच्या साधारण २० टक्के असते. पंधरा-वीस दिवसांनी ती २४ टक्क्यांच्या आसपास जाते आणि महिन्यानंतरही २२ टक्के असते. अंतर दुप्पट केलंस तर २०० चे ८०० दिवस होतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आड आणि ओढा यांच्यामध्ये एवढे दिवस असतात, ते मात्र कुणी सांगत नाही. त्या लोकांना ते मी सांगायला हवं होतं.

म्हणून तुला एक विनंती आहे. विहिरी आणि ओढा यांच्या मध्यावर एक तरी निरीक्षण विहीर ठेव. खर्चाला कात्री लागली तर दुसरं काहीही सोड, ही सोडू नकोस. तिची पातळी आणि ओढ्याचा प्रवाह दर आठवड्याला एकाच दिवशी मोज. ओढा ठणठणीत दिसतोय आणि मधली पातळी उतरतेय असं झालं, तर पुढे येणारी घट तुला आधीच दिसलेली असेल. आणि पातळी पात्राच्या बरीच खाली जाऊ देण्याआधी आवाज उठव. मध्ये कोरडी माती आली की ओढा आणि भूजल यांची जोड सुटते. मग पातळी आणखी कितीही खाली जावो, पिशवी तुला त्यातलं काहीच सांगत नाही. अमेरिकेतल्या सुमारे ४२ लाख विहिरींची २०२१ मध्ये तपासणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या ६४ टक्के विहिरींची पातळी जवळच्या नदीच्या पाण्यापेक्षा खाली होती. म्हणजे तिथल्या नद्यांचं पाणी जमिनीत झिरपत असण्याची शक्यता आहे. काठावर उभं राहून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

लोक तुलाही विचारतील, ओढा कधी सावरेल. घाईने तारीख देऊ नकोस. त्यांना वाळूत रेघ ओढून तो खड्डा दाखव, तो रुंदावतो कसा ते दाखव, आणि पंप थांबल्यावरही काही आठवडे ओढा खाली जाईल हे पंप थांबायच्या आधी सांग. लोकांना कळतं. मला तेव्हा उमजलं नव्हतं, एवढंच.

पहिल्या पंधरवड्याचे आकडे आले की मला पाठव, कच्चेच पाठव. तापमानाचे आधी, आणि गार लागलेल्या जागांचा नकाशा हाताने काढलेला असला तरी चालेल.

तुझी,
आई