अण्णांना विचारू का?

दिन्या,

सात महिने फोन नाही की मेसेज नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे.

मंगळवारी नववीच्या पोरांना पुणे स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलमध्ये नेलं होतं. आता तिथे सगळी हॉटेलं, सकाळी शांत असतं, भिंतीला हात लावून उभं करून सांगता येतं. लोखंड्यांचं सांगत होतो, नारायण मेघाजी, आपल्या खेडच्या कन्हेरसरचे. १८८४ ला साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन मागितलं काय, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडलं. पोरं गप्प झाली रे, रविवार कुणीतरी भांडून आणलाय हे त्यांना माहीतच नव्हतं.

मग एका मुलीने विचारलं, सर, मिलमध्ये काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?

मी नाही म्हणालो.

दिन्या, तुझ्या अण्णांच्या डब्यातल्या भाकरी तीन वर्षं खाल्ल्या मी. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कान गेले म्हणून हॉस्टेलच्या जिन्यातूनच मोठ्याने हाका मारत यायचे ते. धोट्यातून, मागावर आडवा दोरा नेतो त्यातून, दोरा तोंडाने कसा ओढायचा हे मला त्यांनी करून दाखवलंय. आणि मी नाही म्हणालो, कारण मला मेसमधली ती रात्र आठवली. संप करून मिळवलं काय ह्यांनी, असं मी ओरडलो आणि अण्णा मागे उभे. तू दोन महिने बोलला नाहीस, ते बरोबरच होतं. अण्णा मात्र पोराला बोलू दे म्हणाले नि ताट घेऊन बसले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांतून अडीच लाख माणसं बाहेर पडली, तो संप रीतसर मागे घेतलाच नाही कुणी, हे मी आता दरवर्षी शिकवतो, पण त्या माणसाला कधी सॉरी म्हणालो नाही.

जानेवारीत पोरांना लालबाग-परळला न्यायचंय. अण्णा आले तर? पण त्यांच्या गेटच्या जागी आता टॉवर आहे, ते बघून त्यांना त्रास झाला तर? परत तू म्हणशील, तुला शिकवायला माझा बाप पाहिजे का. म्हण, पण मला माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडून पोरांनी ऐकावंसं वाटतं. नाही म्हणाले तर तो विषय परत काढणार नाही, शपथ.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीच्या ॲडमिशनचं? वहिनींना नमस्कार सांग, लोणचं संपलंय हेही सांग.

अण्णांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून येत्या रविवारी गावीच जाऊन येतो. तू आधी काही बोलू नकोस, नाहीतर काकू कोंबडा धरायला धावतील. फक्त जाऊ का नको तेवढं शुक्रवारपर्यंत कळव.

तुझा,
बंड्या