साहेब, आमचा आवाज मोजता तसं एकदा आमचं अर्थिंगही मोजा

मा. ऊर्जामंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना अमळनेर तालुक्यातल्या एका डीजेवाल्याचा नमस्कार.

पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगतो, कारण १९ वर्षांचं साचलेलं आहे. सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे दोन भोंगे आणि एक जुना अँप (अँम्प्लिफायर) होता, सत्यनारायणाला वाजवायचो. आता आयशर गाडी आहे, आठ बेस, चार टॉप (स्पीकरचे बॉक्स), बारा शार्पी (फिरत्या झोताचे लाईट), ट्रस (लाईट टांगायचा धातूचा सांगाडा), धूर सोडायचं मशीन, सगळं आहे. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी-नंतरची लग्नं, मग श्रावणात कानबाई (आमची खान्देशची देवी), मग गणपती, नवरात्र. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यात गाडी फिरते.

आता डीजेवाला म्हटलं की तुमच्या मनात पहिले आवाज आला असेल. त्याच्यावर मी भांडायला आलेलो नाही. २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, दहा वाजले की बंद, आम्हाला पाठ आहे आणि दंडही भरलेला आहे. (आमच्या नावाने बोंब मारणारेच स्वतःच्या पोराच्या हळदीत "अजून वाढव रे" म्हणतात, पण तो विषय वेगळा.) माझं म्हणणं एवढंच की १९ वर्षात पोलीस आले, आरटीओवाले आले, आवाजाचं मीटर घेऊन आले, गाडीचे कागद बघितले, पण एकाही माणसाने आजपर्यंत विचारलं नाही की बाबा, एवढं सगळं चालवायला तू लाईट कुठून घेतली?

कुठून घेतो ते सांगतो, तुम्ही रागावू नका. गावात लग्न असलं तर नवरदेवाच्या घराच्या मीटरवरून घेतो. तिथे झेपत नाही म्हणून कोणीतरी काका खांबावर आकडा टाकतो, आणि तो टाकताना पायात स्लीपर आणि हातात वाळलेला बांबू एवढीच त्याची सेफ्टी. विजेच्या कायद्यात वीजचोरीचं कलम १३५ आहे हे त्याला माहीत नसतं असं नाही, पण मांडवात वऱ्हाड बसलेलं असतं. शेतात लग्न असलं तर मोटारीच्या पेटीतून घेतो. तिथे बऱ्याच ठिकाणी तीन फेज येतात पण न्यूट्रल (करंट परत जायची वायर) पेटीपर्यंत आलेलाच नसतो, मोटारीला तो लागतही नाही. मग कोणीतरी हुशार माणूस बोअरच्या केसिंगला वायर बांधतो आणि तोच न्यूट्रल धरून सगळा सेट चालू करतो, म्हणजे करंट जमिनीतून परत जातो. ती वायर सुटली आणि केसिंगकडच्या टोकाला कोणी हात लावला की तो संपला. मी हे डोळ्याने बघितलंय, आणि मी नको म्हटल्यावर मिळालेलं उत्तरही ठरलेलं, "काही नही व्हस रे भो, लाई दे." (काही होत नाही रे भाऊ, लावून दे.)

लोडचा हिशोब बघा. शार्पीचा दिवा २३० वॅटचा असतो पण आतला पंखा, मोटारी, चोक धरून एक शार्पी साधारण ३५० वॅट ओढते, बारांचे झाले ४२०० वॅट म्हणजे १८ अँपियर. एलईडी पार (रंगीत झोताचे छोटे लाईट) २४, त्यांचे अजून पंधरा-सोळा अँपियर. धुराचं मशीन १५०० वॅट, तो नुसता हिटर आहे, सहा-साडेसहा अँपियर. हे झालं ४० अँपियर नुसतं लायटिंग. अँपचं गणित अवघड आहे, डब्यावर दहा हजार वॅट लिहिलेलं असतं पण तेवढं तो सतत ओढत नाही, बेसच्या ठोक्यावर ओढतो आणि मधे सोडतो, तरी डीजेच्या गाण्यांना चार अँप मिळून ४० अँपियर धरावेच लागतात. एकूण ८० अँपियर, आणि घरातला मोठा प्लग १६ अँपियरचा! म्हणजे तीन फेजवर वाटून घेतलं तरच जमतं, प्रत्येक फेजवर २७ च्या आसपास. २५ केव्हीएचा जनरेटर एका फेजला ३५ देतो, तो काठावर पास. ४० केव्हीएचा घेतला की ५५ मिळतात, निवांत काम. पण पार्टीला ४० चं भाडं जड वाटतं आणि आम्हाला ऑर्डर जायची भीती वाटते.

त्यात वायर. गावच्या पोरांना वाटतं लांब वायर म्हणजे नुसती लांब वायर. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ५० मीटर नेली आणि १६ अँपियर ओढले की १२ व्होल्ट वायरीतच जातात, दीड स्क्वेअरची असली तर १९. घरातच मे महिन्यात २०० व्होल्ट येत असतात, मग मांडवात पोचेपर्यंत अँप प्रोटेक्टला जातो (स्वतःच बंद पडतो) आणि नवरदेवाचे मित्र आमच्या अंगावर येतात. उरलेली वायर आम्ही गुंडाळी करून खुर्चीखाली ढकलतो, ती गुंडाळी तापते, वरून ताडपत्री, बाजूला मांडवाचं कापड. जळगाव-भुसावळचा मे, ४४-४५ डिग्री, अजून काय सांगू.

आता माझी स्वतःची चूक. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, तापीकाठच्या एका गावात हळद होती. लायटिंग जनरेटरवर आणि साउंड घराच्या मीटरवर घेतला होता, त्यामुळे बॉक्समधून सारखा घुंऽऽ असा आवाज येत होता. आता मला कळतं की दोन वेगळ्या जागचं अर्थिंग केबलमधून एकमेकाला भेटलं की हा ५० हर्ट्झचा आवाज येतो. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की अर्थिंगची पिन काढली की आवाज जातो. सगळेच काढतात. पक्कड घेतली, दोन अँपच्या प्लगची मोठी पिन कापली, आवाज गेला, मी खूश. संध्याकाळी अवकाळीचे दोन थेंब पडून गेले होते. साडेनऊला माझ्या हाताखालच्या पोराने एक हात अँपच्या रॅकवर ठेवला आणि दुसऱ्याने ट्रस धरली. अँपच्या आत फेज बॉडीला लागलेला होता, बॉडीला अर्थिंग नाही कारण ते मीच कापलेलं, आणि ट्रसला मात्र लायटिंगकडून अर्थिंग. पोरगं चिकटलं. दुसऱ्याने लाथ मारून बोर्ड उडवला म्हणून वाचलं. आज त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. तो अजून माझ्याकडेच आहे, गाडी चालवतो, त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

खरा उपाय पिन कापणं नाहीच. साउंड आणि लायटिंग एकाच पेटीतून घ्यायचं, एकच अर्थिंग ठेवायचं, बॅलन्स केबल (घुंऽऽ न पकडणारी ऑडिओ केबल) वापरायची, तरी घुंऽऽ राहिला तर ऑडिओच्या लाईनमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंचं अर्थिंग वेगळं ठेवणारा) टाकायचा. त्याचा खर्च एका हळदीच्या डिझेलपेक्षा कमी. पण हे मला शिकवलं कोणी? एका जुन्या वायरमनने, टपरीवर, चहा पिताना, आणि तेही ते सगळं झाल्यावर.

त्याच वायरमनने दुसरी गोष्ट समजावली ती खास आपल्या खान्देशासाठी आहे. आमची काळी जमीन. पावसाळ्यात चिखल, आणि लग्नसराईत भेगा पडलेली, हात जाईल एवढ्या. अशा जमिनीत दोन फुटाची सळई ठोकली तर तिला काही अर्थ नसतो. समजा ५० ओहम आले, तर २३० भागिले ५०, साडेचार अँपियर जाणार, आणि १६ अँपियरची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, बॉडी तशीच करंट धरून बसणार. माणूस मरायला मात्र ५०-१०० मिलीअँपियर खूप होतात. म्हणून आरसीसीबी (करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच) पाहिजे, ३० मिलीअँपियरची, खराब अर्थिंगवरही ती पडते. पण जनरेटरवर एक गोम आहे, जनरेटरचा न्यूट्रल जर अर्थिंगला जोडलेलाच नसेल तर आरसीसीबी लावूनही ती पहिल्या फॉल्टला पडत नाही, करंटला परत जायला रस्ताच नसतो. भाड्याच्या किती जनरेटरला तो जोडलेला असतो ते एकदा तुमच्या विद्युत निरीक्षकांना लग्नाच्या तिथीला आमच्याबरोबर फिरवून बघा. आणि सगळ्या सेटला एकच आरसीसीबी लावली तर ती उगाच पडत राहते, कारण प्रत्येक शार्पी, प्रत्येक अँप एक-दोन मिलीअँपियर गळतोच, वीस नग झाले की झालं. मग चिडून पोरं ती बायपास करतात. म्हणजे प्रत्येक फेजला, जमलं तर प्रत्येक रॅकला वेगळी लावावी लागते.

न्यूट्रलवरून आठवलं. चोपड्याकडे एका लग्नात जनरेटरच्या पेटीतला न्यूट्रलचा लग (वायरीच्या टोकाचा जोड) ढिला होता. एका बाजूच्या लाईट मंद झाल्या आणि दुसऱ्या बाजूच्या लखलखीत, वऱ्हाडींना वाटलं इफेक्ट आहे, टाळ्या पडल्या! न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४१५ व्होल्ट लोडप्रमाणे वाटले जातात, ज्याच्यावर कमी लोड त्याच्या वाट्याला जास्त. तीन शार्पी, मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर, दोन मिनिटात सगळं राख. जनरेटरवाला म्हणाला तुमचा लोड जास्त होता. तेव्हापासून मी सेट लावायच्या आधी मीटरने तिन्ही फेज मोजतो, न्यूट्रलचा नट स्वतः पान्याने आवळतो, आणि अँप एकेक करून चालू करतो, सगळे एकदम नाही. एलईडी आणि आजकालचे अँप न्यूट्रलवर जास्तीचा करंट आणतात, तिन्ही फेज सारखे असले तरी, म्हणून न्यूट्रलची वायर कधी बारीक घ्यायची नसते. ह्या सगळ्याला मला पंधरा वर्षं लागली.

आणि मिरवणूक. आमच्या प्रत्येक गाडीवर सगळ्यात वर एक पोरगं बसलेलं असतं, हातात बांबू, आडव्या तारा उचलायला. त्याला कोणी पगार देत नाही, त्याला मजा वाटते, वरून सगळं गाव दिसतं. नियमात रस्ता ओलांडणारी लो टेन्शनची तार ५.८ मीटरवर पाहिजे, ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) ६.१ वर. ५.८ म्हणजे १९ फूट. आयशर आणि वरचे बॉक्स, शार्पी धरून आमची गाडी १७ फूट, तिच्यावर साडेपाच फुटाचं पोरगं. नियमाप्रमाणे तार असली तरी हिशोब बसत नाही, आणि आमच्या गल्लीत ती नियमाप्रमाणे कुठे असते. एप्रिल २०२२ मध्ये तंजावरजवळ देवाचा रथ तारेला लागून ११ माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये मेरठकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधल्या हाजीपूरला, कावडीबरोबरचा डीजे ११ केव्हीला लागला, पोरं गेली. रथ काय आणि डीजे काय, तारेला सारखंच. त्या प्रत्येक गाडीवरही कोणीतरी बांबू घेऊन बसलेलं असणार असं मला वाटत राहतं.

तर मागतो काय ते ऐका. महावितरण गणेश मंडळांना घरगुती दराने तात्पुरती जोडणी देतं ना, चांगली गोष्ट आहे, तशीच लग्नाला आणि कानबाईला द्या, मोबाईलवरून अर्ज आणि दुसऱ्या दिवशी वायरमन हजर, एवढं सोपं करा की आकडा टाकायचा लोकांना कंटाळा आला पाहिजे. आणि त्याच्याही पुढे जाऊन, गावात जिथे लग्नं लागतात ती जागा ठरलेली असते, मारुतीच्या पाराजवळ नाहीतर शाळेच्या मैदानात नाहीतर समाजमंदिरासमोर, तिथे एक कायमची पेटी बसवा, तीन फेजची, ६३ अँपियर, प्रीपेड मीटर, आरसीसीबी, आणि नीट खड्डा करून केलेलं अर्थिंग. चावी ग्रामपंचायतीकडे, भाडं आम्ही देऊ, आनंदाने देऊ, आज डिझेलला देतोच आहे. दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी आमच्या भुसावळला, सोलरचे पत्रे आमच्या साक्रीला, आणि लग्नाच्या मैदानावर एक धड सॉकेट नाही.

डीजेवाल्यांना शिकवा पण. आयटीआयमध्ये पाच-सहा दिवसांचा कोर्स ठेवा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, कानबाईच्या आधी, आम्ही तेव्हा रिकामे असतो. आयटीआय तुमच्या खात्यात येत नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही फोन केला तर तिकडचे साहेब उचलतील, मी केला तर नाही. शिकून झालं की कार्ड द्या आणि कार्ड असेल त्यालाच मिरवणुकीची परवानगी. फक्त त्याचा पाचशे रुपयात मिळणारा शिक्का होऊ देऊ नका, नाहीतर आहे तेच बरं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी लाईनमनने एकदा रस्त्याने चालत जाऊन तारा बघाव्यात, जिथे जमत नाही तिथे गाडी जाईपर्यंत ती गल्ली अर्धा तास बंद करावी. अर्धा तास लाईट नसली तर आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही, तेवढी सवय तुम्ही लोकांनी लावलेली आहे.

चुकभूल माफ करा, मराठी टाईप करायची सवय नाही.

आपला,
एक डीजेवाला
ता. अमळनेर, जि. जळगाव

ता.क. : आमच्या वेशीजवळची आडवी तार मी मागच्या शनिवारी शेजारच्या गच्चीवरून अंदाज घेऊन मोजली, तारेला काही न लावता. १६ फूट भरली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जनाला त्याच रस्त्याने जाते. ह्या वर्षीची ऑर्डर माझीच आहे, बांबूवालं पोरगं मी बसवणार नाही असं मंडळाला कळवलंय, ते म्हणाले मग दुसरा डीजे बघतो.