नवरीचे डोळे सजवण्याआधी

सातारा

प्रिय शैला,

विश्रामबागेत पार्लर सुरू करतेयस, फार बरं वाटलं. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून डोळ्यांचं आधी लिहिते.

सगळ्यात जास्त जप मस्काऱ्याला. ब्रश एकीच्या पापण्यांना लागून परत नळीत गेला की तिथले जंतूही आत जातात. नळीतलं प्रिझर्व्हेटिव्ह पुढे पुरं पडत नाही. म्हणून घरचा मस्कारासुद्धा 3 महिन्यांनी टाकायचा, निम्मा उरला तरी. तुझ्याकडे प्रत्येकीला नवा डिस्पोजेबल ब्रश, तोही एकदाच बुडवायचा. दुसरा हात द्यायचा तर दुसरा ब्रश. घट्ट झाला म्हणून पाणी मुळीच घालू नकोस, त्यानं जंतू वाढतात आणि प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं. ब्रशचं टोक बुबुळाला ओरखडलं तर सुडोमोनाससारखा जंतू त्यातून शिरतो. बुबुळावर एक-दोन दिवसांत व्रण पडून नजरही जाऊ शकते. वऱ्हाडाच्या चालत्या गाडीत टच-अप करायला कोणी कितीही गळ घातली तरी नाही म्हण.

काजळ पापणीच्या आतल्या कडेवर नको, पापण्यांच्या केसांबाहेर लाव. त्या कडेवरच तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात. ती बुजली की तेल साठतं, गाठ येते, जंतू शिरले की रांजणवाडी. पेन्सिल प्रत्येकीसाठी नव्यानं तासायची, शार्पनर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून. डबीतलं काजळ बोटानं नको, स्पॅच्युलानं ताटलीत काढून घे. उरलेलं परत डबीत नाही. सुरमा तर ठेवूच नकोस, काहींत शिसं असतं.

लेन्स वापरणारीनं लेन्स आधी घालावी, मग मेकअप. काढताना लेन्स आधी.

डोळा लाल असेल, चिपडं येत असतील तर ऑर्डर गेली तरी चालेल, त्या डोळ्याला हात लावू नकोस. तिचा वापरातला मस्कारा आणि काजळही टाकायला सांग. रांजणवाडीला कोमट फडक्याचा शेक, 5 ते 10 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, फोडायची नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचे थेंब आणून घालतात त्याची मला फार भीती वाटते, कारण लाली उतरते आणि आत व्रण वाढत राहतो. डोळा ठणकला, उजेड सोसेना, धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठव.

ब्रशचं मोठं पाकीट पहिल्या ऑर्डरआधीच आणून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझी,
मंगल