सिस्टर, त्या वाजणाऱ्या फोनबद्दल तुमचे आभार

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही स्वयंसेवक दरीतून मृतदेह वर काढत होतो, त्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागातून तुम्ही घाटात आलात आणि रात्रीच्याच गाडीने परतलात. त्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. आज मानतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असे मानतोय, कारण दोर घेऊन दरीत उतरणाऱ्या सह्याद्रीतल्या प्रत्येक गटाला तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

शेवटचं स्ट्रेचर वर आलं होतं. मृतांच्या वस्तूंची पिशवी आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात होती. दिवसभर खाली राहून बॉडी बांधून देण्याचं काम त्यानंच केलं होतं. पिशवीतला एक मोबाइल वाजायला लागला. काच तडकलेली, पडद्यावर ‘घर’ एवढंच. थांबायचा, परत वाजायचा. अधिकारी होते, पुढारी होते, कॅमेरे होते. कुणाचं लक्ष नव्हतं. तुम्ही सरळ पुढे आलात, “दे बाळा इकडे, हवालदारांकडे देते,” म्हणालात आणि पिशवी काढून घेतलीत. मग तांब्यानं त्याच्या हातांवर कोमट पाणी ओतत राहिलात. नखांतला चिखल निघेना, तर साबण परत लावायला सांगितलात. काय पाहिलंस, कसं वाटतंय, यातलं काही विचारलं नाहीत. विचारलंत ते इतकंच, “जेवलास का?”

बाकी सगळं विसरलो तरी हे विसरता येणार नाही. खाली काम करणाऱ्यासाठी ती ‘बॉडी’ असते, तोवर हात चालतात. ओळखपत्र वाचलं, डबा उघडला, घरचा फोन वाजला, की तो माणूस आपल्या ओळखीतला होतो आणि तो चेहरा मग सुटत नाही. म्हणून ज्यानं मृतदेह उचलले त्याच्याकडे वस्तू द्यायच्याच नाहीत. नोंद दुसऱ्यानं करायची, फोन पोलिसांनी घ्यायचा, घरी निरोप पोलिसांनीच द्यायचा. इतकी साधी गोष्ट तोवर आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

आधी काय मिळायचं तेही लिहितो. शाल, श्रीफळ, व्यासपीठावर फोटो. एकदा तर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सभागृहात गोल बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणून एकेकाला सगळं सांगायला लावलं, पडद्यावर दरीतले फोटो लावून. ज्यानं वरून फक्त दोर सांभाळला होता, त्यालाही खालचं सगळं दिसलं. अशा एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, हे अभ्यासांतून कधीच पुढे आलंय. बैठक घेणाऱ्यांनी ते आधी वाचायला हवं होतं. राग येतो तो याचा, की पोरं गप्प झाली तेव्हा ‘कणखर आहेत’ म्हणून त्यांचं कौतुक झालं.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली, ३० जण गेले. पावसात, धुक्यात ते मृतदेह वर आणणाऱ्यांत स्थानिक ट्रेकर मोठ्या संख्येनं होते. अशी कामं स्वयंसेवक करतात. पगार नाही की ड्यूटीचा तक्ता नाही, त्यामुळे विश्रांती घ्यायला सांगणारंही कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं, नाहीतर कामावर जायचं.

तुम्ही सांगितलेलं आता आमच्या सरावात बसलंय. उतरणाऱ्याला वरूनच कल्पना द्यायची: किती जण आहेत, लहान मूल आहे का. खाली गेल्यावर आधी चेहरा झाकायचा. खाली बांधणाऱ्याला दोन खेपांनंतर वर घेऊन दोरावर उभं करायचं. एकाएकी गप्प झालेला, किंवा एकच कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) परत परत तपासणारा, किंवा उलट तिचा स्क्रू लावायचाच विसरलेला माणूस दिसला की त्याला त्या क्षणी दोरावरून काढायचं. तिथं चूक झाली तर दुसरा जीव जातो. फोटो लागतील तेवढे पोलिसांकडे, आमच्या ग्रुपवर एकही नाही. वर आल्यावर कोमट पाणी, कोरडे कपडे, वरणभात. एकट्याला मोटरसायकलवर घरी सोडायचं नाही. आणि त्या रात्री दारू नाही: तिनं झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे मोडते आणि स्वप्नं अंगावर येतात. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून घेणंही बंद.

पहिले काही दिवस झोप उडणं, वास नाकातून न जाणं, जेवण नको होणं, हे होणारच, म्हणालात. घाबरवलं नाहीत. पण महिना उलटूनही तेच डोळ्यांपुढे येत असेल, दार आपटलं तरी दचकायला होत असेल, घाटाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं जाणं चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवायचंच. त्यावर नेमके उपचार आहेत: आघातावरच काम करणाऱ्या समुपदेशनाच्या साधारण ८ ते १२ बैठका, किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर काम करणारी उपचारपद्धत). सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी लागली तर गुण यायला काही आठवडे जातात, मध्येच सोडायची नाही. मरणाचे विचार येत असतील तर मात्र महिना मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो. आमच्या प्रत्येक हेल्मेटच्या आत तो आता चिकटवलाय.

तुम्ही महिन्यानं पुन्हा आलात, तेही न बोलावता. मिटिंग लावली नाहीत. गॅरेजात, पंपावर, शेतात, एकेकाला त्याच्या कामाच्या जागी गाठलंत आणि चहा घेतलात. दोघांना स्वतः ओपीडीत नेलंत, कुणाला नेलं ते गावात कळू दिलं नाहीत. खुर्ची नाही, फोटो नाही, पेपरात नाव नाही, असं काम करणारी माणसं सरकारी खात्यात आहेत. आशाताई आहेत, १०८ रुग्णवाहिकेचे पायलट, म्हणजे चालक, आहेत, शवविच्छेदनगृहातले कर्मचारी आहेत. त्यांना कुणी जेवलात का म्हणून विचारतं का, हे आता आमच्याही मनात येतं.

पावसाआधीचा दोरांचा सराव मे महिन्यात आहे. शेजारच्या दोन तालुक्यांतले गटही येणार आहेत. पहिला तास तुमचा ठेवलाय, गाडी आम्ही पाठवतो. तो पोरगा आता वस्तूंच्या नोंदीवर नसतो. तो नियम त्यानंच वहीत पहिल्या पानावर लिहिलाय आणि नवीन येणाऱ्यांना तोच समजावून सांगतो. त्या दिवशी तुमची ओळख इतर गटांना तोच करून देणार म्हणतोय.

आपले,
दरीत उतरणारे सगळे