सहलीच्या फोटोंत घरची माणसे दिसावीत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्टीत परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसाठी आपल्या पर्यटन पुरवणीत छायाचित्रणाविषयी जो मजकूर येतो, तो आम्ही बडोदेकर मराठी वाचक आवडीने वाचतो. त्याचा भर मात्र बहुतेक वेळा कोणता कॅमेरा घ्यावा आणि कोणत्या लेन्स बरोबर ठेवाव्यात यावर असतो. घरच्यांबरोबर परदेशात हिंडताना मी बरीच वर्षे फोटो काढत आले आहे आणि त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, कुटुंबाच्या सहलीत काढलेल्या फोटोंमध्ये पहिला मान आपल्या माणसांचा असावा, स्थळाचा त्यानंतर.

आयफेल टॉवरचेच पाहा. सगळ्यांना त्याच्या पायथ्याशी ओळीने उभे करायचे आणि 330 मीटर उंचीचा तो टॉवर शेंड्यापर्यंत मावावा म्हणून आपण मागे मागे सरकत जायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. त्यामुळे टॉवर येतो, पण आजोबा कोणते आणि काका कोणते हे ओळखू येत नाही. त्याऐवजी नदीपलीकडे त्रोकादेरोच्या उंचवट्यावर जावे, माणसांना कॅमेऱ्यापासून चार पावलांवर कंबरेपर्यंत घ्यावे आणि टॉवरला मागे राहू द्यावे. तो तेवढ्या अंतरावरूनही पुरेसा ओळखू येतो. मोबाईलच्या रुंद लेन्सने घोळक्याचा फोटो घेताना कडेची माणसे ताणली जाऊन आडवी दिसतात, म्हणून वडीलधाऱ्यांना मध्यभागी घ्यावे, हेही सांगून ठेवते.

प्रकाशाचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण तो सहलीच्या वेळापत्रकात अडकलेला असतो. बडोद्यात जूनमध्ये साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. स्वित्झर्लंडमध्ये त्याच महिन्यात तो नऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि फोटोसाठी सर्वांत सुंदर असे तिरपे, सोनेरी ऊन आठ वाजेनंतर पडते. पर्यटन कंपनीच्या सहलीत तोवर सात वाजताचे भारतीय जेवण आटोपून माणसे हॉटेलच्या खोल्यांत गेलेली असतात आणि दिवसभराचे सगळे फोटो भर दुपारच्या डोक्यावरच्या उन्हातले, डोळ्यांखाली काळी सावली पडलेले असतात. आपल्याकडे जेवणानंतर शतपावली घालण्याची सवय आहे, ती तिथे मोडू नये. ल्युसर्नला तळ्याच्या काठाने सासूबाई आणि नातवंडे हळूहळू चालत असताना, कुणालाही ‘इकडे बघा’ न म्हणता काढलेले फोटो आमच्या घरी आजही सर्वांत जास्त वेळा पाहिले जातात.

स्वित्झर्लंडमधल्याच युंगफ्राउयोख या बर्फाळ डोंगरमाथ्यावरील ठिकाणी, 3454 मीटर उंचीवर, वृद्धांना धाप लागते आणि त्यांना निवांत बसू द्यावे लागते. फोटोसाठी त्यांना उठवून उभे करणे मला पटत नाही. सासूबाईंनी बाकावर बसल्या बसल्या एक हातमोजा काढला, बर्फाची चिमूट बोटांत धरली आणि ती विरघळेपर्यंत टक लावून पाहिली; फोटो घेण्याचा क्षण तो होता. मात्र कॅमेरा लख्ख पांढऱ्या बर्फाला मध्यम करडा समजतो आणि सगळेच चित्र काळवंडून टाकतो, त्यात आपले सावळे चेहरे तर अगदी हरवतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक ते दीड स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवला तरी काम भागते. थंडीने बॅटरी लवकर उतरते, तेव्हा जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी.

कॅमेऱ्याचे घड्याळ विमानातून उतरताच स्थानिक वेळेवर लावावे. मोबाईल स्वतःची वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. उन्हाळ्यात युरोपच्या मध्यभागाशी आपला साडेतीन तासांचा फरक असल्याने दोन्हींचे फोटो एकत्र केल्यावर सगळा क्रम बिघडतो.

परक्या ठिकाणी तिथल्या माणसांचाही मान राखावा लागतो. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये फोटो काढण्यास मनाई आहे. जपानमधील क्योतो शहराच्या गिओन या जुन्या भागातील खासगी गल्ल्यांत 10,000 येन दंडाचे फलक लागले आहेत. जपानमधीलच फुजिकावागुचिको गावाने मे 2024 मध्ये फुजी पर्वत दिसणाऱ्या एका जागी चक्क काळा पडदा उभारला, कारण फोटोसाठी येणारी गर्दी रस्त्यात घुसत होती आणि कचरा टाकत होती. आपल्या मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगायला हवे. आणि घरातल्या कुणाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे, मग ती दहा वर्षांची का असेना.

माणूस आणि स्थळ एकत्र पाहण्याचा उत्तम धडा खरे तर आमच्या बडोद्यातच आहे. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाशी अनेक दशके जोडलेले छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी खेड्यापाड्यांतील भित्तिचित्रांचे आणि रांगोळ्यांचे जे फोटो काढले, त्यांत ती कला ज्या घरांत नांदते, तिथली माणसेही दिसतात. परदेशातील वास्तूंसमोर आपल्या माणसांना टिपताना हीच नजर हवी, असे मला वाटते.

शिवाय बहुतेक घरांत फोटो काढणारी व्यक्ती एकच असते आणि सबंध सहलीत तीच कुठे दिसत नाही. रोज थोडा वेळ तरी कॅमेरा मुलांच्या हाती द्यावा. त्यांचे फोटो वाकडेतिकडे आले तरी आई त्यांत असते.

आपणांस विनंती आहे की, पुरवणीत वाचकांच्या सहलीतील असे माणसे असलेले फोटो छापण्यासाठी एक कोपरा राखून ठेवावा आणि प्रत्येक फोटोखाली त्यातील माणसांची नाती, ठिकाण आणि साल देण्याची अट घालावी. बडोद्यातील मराठी संस्थांनीही सुट्टीआधी या विषयावर एखादी संध्याकाळ ठेवली, तर मी आनंदाने मदत करीन.

कळावे.

आपली,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे