दीपगृहाच्या टेकडीवर न नेता परत फिरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, सहल विभाग

महोदय,

डिसेंबरातल्या तुमच्या पाच दिवसांच्या कोकण सहलीत लातूरहून मी आणि माझी 67 वर्षांची आई आलो होतो. बस, जेवण, मुक्काम याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची आहे.

छापील कार्यक्रमात स्पष्ट लिहिलं होतं : ‘रत्नदुर्ग, भगवती मंदिर, दीपगृहाच्या टेकडीवर पायी चढून समुद्रदर्शन व सूर्यास्त.’ या एका ओळीसाठी आम्ही तुमची सहल घेतली. आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा टँकरपुढे घागर घेऊन ताटकळलेली बाई ती. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे हे वाचून दाखवल्यापासून, चढायची सवय व्हावी म्हणून ती महिनाभर रोज घराचा जिना चढउतर करत होती.

त्या दुपारी टूर मॅनेजरनी बस काजू-कोकमाच्या दुकानापुढे उभी केली. वीस मिनिटं म्हणाले, दीड तास मोडला. किल्ल्यावर पोचायलाच साडेपाच वाजून गेले, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. देवीचं दर्शन घाईत उरकून आम्ही दोघी दीपगृहाची चढण चढू लागलो. अर्ध्यावर झाडीच्या फटीतून हाताएवढा समुद्र दिसला. आई माझ्या खांद्याला धरून थांबली, दम लागला होता, तरी म्हणाली, “वर गेल्यावर तिन्हीकडं दिसतंय म्हणं ना, चल की.” तेवढ्यात खालून शिट्टी. उशीर होतोय, परत फिरा. मॅनेजर म्हणाले, समुद्र काय, उद्या गणपतीपुळ्यालाही दिसेलच.

दिसला. पण काठावर उभं राहिलं की समोरची लाट दिसते; टेकडीवरून तिन्ही अंगांनी पसरलेलं पाणी दिसतं. आम्ही पैसे त्याचे भरले होते. आई आता म्हणते, जाऊ दे. मला ते जाऊ देता येत नाही.

ही सेवेतली त्रुटी आहे. त्या दिवसाच्या खर्चाचा दोघींचा वाटा परत करावा, आणि कार्यक्रमात नसलेले दुकानाचे थांबे बंद करावेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, लातूर

सोबत : छापील कार्यक्रम व पावतीची प्रत